आधी आत्याची तपासणी, मग तुमची

पत्र: मी 33 वर्षांची, फोंड्याजवळच्या एका गावात राहते, शाळेत शिकवते. सहा वर्षांची मुलगी आहे. माझ्या थोरल्या आत्याला 41 व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो सगळं झालं. आज ती 58 ची आहे, म्हापशाला असते, ठणठणीत आहे. धाकटी आत्या मात्र 49 व्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेली. शेवटी पोटात सारखं पाणी होत होतं. आईच्या बाजूला कुणाला काही नाही. सासूबाई म्हणतात, हा आजार आईकडून येतो, बापाकडून नाही, तू उगाच भितेस. आईने कुलदेवीला प्रसाद लावला, उजवी पाकळी पडली, म्हणजे कौल चांगला, त्यामुळे तिच्या लेखी विषय संपला. मोबाइलवर घरच्या घरी थुंकी घेऊन पाठवायच्या जीन टेस्टची जाहिरात सारखी येते, सवलतही आहे. मागवू का? नवरा म्हणतो, पॉझिटिव्ह आलं तर काय त्या हॉलिवूडच्या नटीसारखं सगळं काढून टाकणार? धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. आईची ताकीद आहे की त्याआधी हा विषय घराबाहेर जाता कामा नये. आरोग्य केंद्रात यंत्राने तपासलं तेव्हा काही सापडलं नाही. मग गप्प बसू का?
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर:

किट मागवू नका. पैसे वाया जातील हे एक, पण खरं कारण असं की क्रम चुकतोय. तुमच्या घरात पहिलं रक्त तपासायचं ते तुमचं नाही, म्हापशाच्या आत्यांचं. त्याकडे येतेच, पण आधी सासूबाईंचा मुद्दा निकालात काढू, कारण तो एकट्या तुमच्या सासूबाईंचा नाही. शिकल्यासवरल्या घरांतही मी तो ऐकते. केसपेपरवर 'घरात कुणाला?' या प्रश्नाखाली आई, मावशी, आजी एवढंच लिहून थांबलेले कागदही पाहते.

स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत ज्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं ती दोन जनुकं म्हणजे बीआरसीए 1 आणि बीआरसीए 2. पहिलं 17 व्या गुणसूत्रावर आहे, दुसरं 13 व्या. ही गुणसूत्रं बाईत आणि पुरुषात सारखीच असतात. मुलगा की मुलगी ठरवणाऱ्या एक्स-वायशी त्यांचा काही संबंध नाही. या प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. वडिलांच्या दोनपैकी एक प्रत सदोष असली तर ती लेकीकडे येण्याची शक्यता 50 टक्के, लेकाकडे जाण्याचीही तेवढीच. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो, म्हणून वडील धडधाकट दिसतात आणि सगळ्यांना वाटतं की त्यांच्या बाजूला काही नाही. तुमच्या बाबतीत तर 'त्यांच्या बाजूला' त्यांच्या दोन सख्ख्या बहिणी आहेत. आत्या लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, आडनाव बदललं, म्हणून तिचा आजार त्या घरचा होत नाही.

ही जनुकं कॅन्सर 'करत' नाहीत, हेही लक्षात घ्या. त्यांचं काम उलट आहे. पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले की ते बिनचूक जोडायला लागणारी प्रथिनं या जनुकांवरून तयार होतात. एक प्रत जन्मापासून सदोष असली तरी दुसरी चांगली प्रत हे काम निभावून नेते. पुढे आयुष्यात कुठल्या तरी एका पेशीत ती दुसरी प्रतही बिघडली, की त्या पेशीत चुका साठत जातात. हे दुसरं बिघडणं काहींच्या बाबतीत 35 व्या वर्षी होतं, काहींच्या 65 व्या, काहींच्या कधीच नाही. म्हणून एकाच घरातल्या दोन बहिणींना तोच दोष मिळूनही एक आजारी पडते आणि दुसरी ऐंशीव्या वर्षी नातवंडांवर ओरडत असते.

हे घराण्यात चालतं अशी शंका फार जुनी आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने 1866 साली आपल्या बायकोच्या घराण्यातल्या पिढ्यांपिढ्यांच्या स्तन-कॅन्सरची नोंद करून ठेवली होती. पण त्यामागे एखादं जनुक असेल हे अनेकांना पटत नव्हतं. 1990 मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी ते 17 व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं, 1994 मध्ये बीआरसीए 1 प्रत्यक्ष हाती लागलं आणि पुढच्या वर्षी बीआरसीए 2. एकूण स्तन-कॅन्सरपैकी असे वारशाने आलेले साधारण 5 ते 10 टक्केच असतात. म्हणजे कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांच्या लेकींना या पत्राशी काही घेणंदेणं नाही. तुम्हाला आहे, असं मला वाटतं, आणि त्याचं मुख्य कारण थोरल्या आत्या नाहीत. धाकट्या आत्या आहेत.

'पोटाचा कॅन्सर', 'पोटात पाणी' हे शब्द वाचून मी थबकले. आपल्याकडे बायकांच्या ओटीपोटातल्या कुठल्याही कॅन्सरला घरात 'पोटाचा' म्हणतात. बीजांडकोशाचा म्हणजे ओव्हरीचा कॅन्सर पुष्कळदा पोटात पाणी होऊनच लक्षात येतो. तो खरंच जठराचा असेल तर गोष्ट वेगळी. ओव्हरीचा असेल तर मात्र एका बहिणीला कमी वयात स्तनाचा आणि दुसरीला ओव्हरीचा, ही बीआरसीएची अगदी ठरलेली जोडी झाली. अंदाज बांधत बसू नका, कागद शोधा. धाकट्या आत्यांच्या घरी ती फाइल नक्की कुणीतरी जपून ठेवली असेल. आपल्याकडे माणूस गेलं तरी फाइल टाकत नाहीत. त्यात औषधांची बिलं, सोनोग्राफी वगैरे बाजूला ठेवा आणि 'हिस्टोपॅथॉलॉजी' असं डोक्यावर छापलेलं पान, म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट, काढा. तिथे 'ओव्हरी' आणि 'हाय ग्रेड सीरस' असे शब्द दिसले तर पुढचा सगळा मजकूर दुप्पट गांभीर्याने वाचा. थोरल्या आत्यांच्या त्याच पानावर ईआर, पीआर, हर-टू अशा तीन ओळी असतील, या गाठीच्या प्रकाराच्या तीन खुणा. तिन्हींपुढे 'निगेटिव्ह' असेल तर तीही बीआरसीए 1 कडे बोट दाखवणारी खूण आहे.

कागद शोधताना वंशावळही काढा, पण देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्कदारांच्या, यादीवर विसंबू नका. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरुष सापडतील. आपल्याला हव्यात त्या लेकी, आणि त्यांचीच नावं तिथे नाहीत. चवथीला मूळ घरी सगळे जमतात तेव्हा गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर एखाद्या म्हाताऱ्या काकीपाशी बसा. आजोबांच्या बहिणी किती होत्या, कोण कशाने गेलं, साधारण कितव्या वर्षी, एवढं विचारा. 'तिला छातीला जखम झाली होती, भरलीच नाही' असं कुणी म्हटलं तर तेही लिहून घ्या. कॅन्सर हा शब्द न उच्चारता कॅन्सर सांगायची आपली पद्धत आहे. पुरुषांचंही विचारा: प्रोस्टेट, स्वादुपिंड.

आता आत्या आधी का. समजा तुम्ही किट मागवलं आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला. त्याचा अर्थ काय? घरात एक सदोष जनुक आहे आणि ते तुम्हाला मिळालं नाही, असा अर्थ असू शकतो. किंवा घरातलं जनुक त्या किटने तपासलंच नाही, असाही. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध घरगुती किटला 2018 मध्ये परवानगी मिळाली ती बीआरसीएमधल्या फक्त तीन बदलांपुरती, आणि ते तिन्ही पूर्व युरोपीय ज्यू वंशाच्या लोकांत नेहमी आढळणारे होते. या दोन जनुकांत हजारो वेगवेगळे हानिकारक बदल नोंदले गेले आहेत. ज्या माणसाला आजार झाला आहे त्याच्या रक्तात आधी शोधलं तरच कळतं की आपण नेमकं काय शोधतोय. आत्यांच्या रक्तात अमुक ठिकाणी अमुक बदल आहे हे एकदा कळलं, की तुमच्या वडिलांच्या रक्तात फक्त ती एक जागा पाहायची. त्याला पूर्ण पॅनेलपेक्षा, म्हणजे बीआरसीएसह अनेक जनुकांच्या एकत्र तपासणीपेक्षा, बराच कमी खर्च येतो आणि उत्तरही स्वच्छ मिळतं. वडिलांकडे तो बदल नसेल तर तुम्ही दोघी बहिणी तिथेच सुटलात, तुमचं रक्तही काढायला नको. असेल तर मग तुमची पाळी.

म्हणून म्हापशाला जा. पण जाऊन 'आत्या, माझ्यासाठी तेवढी टेस्ट कर' असं म्हणू नका. ही टेस्ट आधी त्यांच्यासाठीच आहे. त्यांना विचारा, ओव्हऱ्या काढल्या आहेत का? स्तनाचा कॅन्सर बरा झाला की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, पण त्याचं मूळ बीआरसीएत असेल तर दुसऱ्या स्तनाचा आणि ओव्हरीचा धोका तसाच शिल्लक राहतो, आणि 58 हे वय त्यातून बाहेर पडल्याचं नाही. त्यांना हे आजवर कुणी सांगितलंच नसेल, कारण त्यांच्यावर उपचार झाले त्या काळात अशा चाचण्या इथे सहजासहजी होत नव्हत्या. त्या नको म्हणाल्या तर तो त्यांचा अधिकार. तशा वेळी थेट तुमच्यापासून सुरुवात करता येते, फक्त निगेटिव्ह रिपोर्टवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

तुमच्या आईंचा प्रसाद मी खोटा पाडत नाही. त्यांना त्यातून धीर मिळाला, मिळू दे. पण देवीपुढे पाकळी उजवी पडते किंवा डावी. या रिपोर्टला तिसरी बाजूही असते, आणि तिची तयारी ठेवूनच रक्त द्यायचं. तिला 'व्हीयूएस' म्हणतात: जनुकात बदल दिसतोय, पण तो हानिकारक की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. जगातल्या जनुकीय नोंदी बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांच्या असल्यामुळे आपल्यासारख्यांच्या रिपोर्टात ही ओळ जास्त वेळा येते. यातले बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. व्हीयूएसच्या भरवशावर कुणी ऑपरेशन सुचवलं तर तिथून उठा आणि दुसरा डॉक्टर गाठा. दर दोनेक वर्षांनी प्रयोगशाळेला विचारायचं, वर्गीकरण बदललं का, बस.

आता तुमच्या नवऱ्याचा प्रश्न. तो चिडून विचारलेला असला तरी प्रश्न बरोबर आहे: कळून करणार काय? ती नटी म्हणजे अँजेलिना जोली. तिने 2013 मध्ये स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं, 2015 मध्ये ओव्हऱ्याही काढल्या. तिच्यात बीआरसीए 1 चा दोष होता आणि आई कॅन्सरने गेली होती. तो एक मार्ग आहे, एकमेव नाही. आणि 'पॉझिटिव्ह' ही एकच गोष्ट नसते. 2017 मध्ये 9,856 वाहक, म्हणजे सदोष बीआरसीए असलेल्या, बायकांचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तन-कॅन्सर होण्याचं प्रमाण बीआरसीए 1 मध्ये 72 टक्के आणि बीआरसीए 2 मध्ये 69 टक्के निघालं. ओव्हरीचं अनुक्रमे 44 आणि 17. पीएएलबी2 नावाच्या जनुकात स्तनाचा धोका निम्म्याच्या आसपास. सीएचईके2 आणि एटीएममध्ये त्याहून बराच कमी, तिथे बहुतेकींना नियमित तपासणी पुरते. टीपी53 दुर्मिळ, पण त्याचे नियम आणखी वेगळे. म्हणून रिपोर्टातलं जनुकाचं नाव वाचल्याशिवाय घरात रडारड सुरू करायची नाही. शिवाय ते 72 टक्के आयुष्यभराचे आहेत, येत्या वर्षाचे नाहीत.

बीआरसीए निघालंच तर स्तनांसाठी घाई नसते. 25 पासून दरवर्षी एमआरआय आणि 30 नंतर त्यासोबत मॅमोग्राफी, असा देखरेखीचा रस्ता जगभर मान्य आहे. बऱ्याच बायका तोच धरतात. स्तन काढल्याने धोका 90 टक्क्यांच्या आसपास कमी होतो, पण तो निर्णय बाईचा, आणि त्याला वर्ष लागो की पाच. ओव्हरीचं तसं नाही. सोनोग्राफी आणि सीए-125 या रक्तचाचणीने ओव्हरीचा कॅन्सर वेळेत पकडून जीव वाचतो, असं मोठमोठ्या अभ्यासांतूनही सिद्ध झालेलं नाही. म्हणून मुलं झाल्यावर बीजांडकोश आणि बीजवाहक नलिका काढून टाका, असं डॉक्टर स्पष्टच सांगतात: बीआरसीए 1 असेल तर 35 ते 40 या वयात, बीआरसीए 2 असेल तर 40 ते 45 पर्यंत थांबता येतं. पाळी लवकर जाते, अंगाची लाही होते, हाडांकडे लक्ष द्यावं लागतं. या ऑपरेशनची ही किंमत आधी सांगायला हवी आणि ती अनेकदा सांगितली जात नाही. तुम्ही 33 च्या आहात. दुसरं मूल हवं की नको हे नवऱ्याशी बोलायचं असेल तर ते या निमित्ताने बोला, हॉलिवूडच्या नटीवरून भांडण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं.

वडील 'बायकांचा रोग, माझं रक्त कशाला' म्हणतील. त्यांना सांगा की बीआरसीए 2 चा दोष असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर अधिक आणि जास्त आक्रमक होतो, म्हणून त्यांना पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी 40 पासून करायला सांगतात. स्वादुपिंडाचा धोकाही वाढतो. एवढ्यावर बहुतेक बाबा हात पुढे करतात.

आरोग्य केंद्रात तुम्हाला तपासलं ते बहुधा 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' या 2021 मध्ये सुरू झालेल्या मोहिमेतलं हातात धरायचं यंत्र असावं. मोहीम चांगली आहे. पण ते यंत्र आज गाठ लागते का एवढंच सांगतं. वारशाबद्दल त्याला काही कळत नाही. तेव्हा गप्प बसू नका. आत्यांचा रिपोर्ट येईपर्यंत एखाद्या स्तनरोग सर्जनला दाखवून तुमच्या वयाला एमआरआय हवा की मॅमोग्राफी, हे ठरवून घ्या. आणि मध्येच गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, रक्तासारखं काही आलं, तर जनुकाच्या रिपोर्टची वाट पाहत बसायचं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर.

राहिली बहीण. तिच्यापासून लपवणं मला मान्य नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवायची गरज नाही, मुलाकडच्यांना आज सांगायलाही काही नाही, कारण हातात रिपोर्टच नाही. पण ती सज्ञान आहे आणि तिचं रक्त तुमच्याइतकंच या प्रश्नात अडकलंय. कागद शोधताना तिला बरोबर घ्या. उद्या दोष निघाला तर होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं का, कधी, हे तिने ठरवायचं. आईने नाही, तुम्हीही नाही. माझं मत विचाराल तर लग्नाआधी सांगावं, कारण पुढे दरवर्षीचा एमआरआय लपवून कसा करणार? धाकट्या आत्यांच्या मुलांनाही कळवा. ती तुमच्यापेक्षा या आजाराच्या जवळची आहेत आणि त्यांचा विचार तुमच्या पत्रात कुठेच नाही.

तुमच्या लेकीचं मात्र आत्ता काहीच करायचं नाही. वयाच्या पंचविशीपर्यंत या दोषासाठी कसलीच तपासणी सुरू होत नाही, म्हणून लहान मुलांची ही टेस्ट करतच नाहीत. मोठी झाली की ती तिचं ठरवेल.

कुठे जायचं? सुरुवात बांबोळीला, गोमेकॉच्या म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कर्करोग विभागात. आत्यांचं बायोप्सीचं पान दाखवून जनुकीय समुपदेशनासाठी पाठवा म्हणायचं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं स्वतंत्र क्लिनिक आहे. तिकडे जायचं ठरलं तर रात्रीची कोकणकन्या आहेच, आणि आत्यांना थिवीला चढवलं तर मडगावापर्यंत उलटं यावं लागणार नाही. खाजगी प्रयोगशाळेत करणार असाल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: जनुकं पूर्ण वाचणार की निवडक जागाच, आणि मोठे तुकडे गळालेले असतील तर ते पकडणारी एमएलपीए किंवा तत्सम चाचणी त्यात आहे का. समोरचा अडखळला तर दुसरीकडे चला. दोन्ही आत्यांच्या फाइली, वंशावळीचा कागद आणि वडिलांची जुनी पीएसए असेल तर ती, एवढं पिशवीत घ्या. या रक्ताला उपाशी पोटी राहावं लागत नाही, तेव्हा आत्यांना पाव-भाजी, चहा देऊनच घराबाहेर काढा.